आकाशांतील बिऱ्हाड आणि पाण्याचा हिशेब

आमच्या अहमदनगरास आतां अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे. परंतु उन्हाळ्यांत दिवे लागणीच्या सुमारास गच्चीवर जाऊन बसण्याची येथील जुनी रीत कांहीं बदललेली नाहीं. अशाच एका संध्याकाळीं मीं शेजारचीं मुलें गच्चीवर बोलावलीं आणि पश्चिमेच्या क्षितिजाकडे बोट दाखविलें. थोड्याच वेळांत तिकडून एक तेजस्वी ठिपका वर आला. तो शुक्राच्या तोडीचा होता, परंतु ताऱ्याप्रमाणें लुकलुकत नव्हता. संथपणें तो आमच्या डोक्यावरून पूर्वेकडे, चांदबिबीच्या महालाच्या डोंगराच्या दिशेनें गेला, आणि पृथ्वीच्या सावलींत शिरतांच दिसेनासा झाला. सारा देखावा पांच मिनिटांचा! "त्या ठिपक्यांत या घटकेला माणसें राहत आहेत," असें मीं सांगतांच मुलांनीं टाळ्या पिटल्या. परंतु त्यांच्याबरोबर वर आलेल्या एका वृद्ध मावशी कांहीं वेळ गप्प राहिल्या. त्यांचा सारा जन्म पाथर्डी तालुक्यांत गेलेला. त्या म्हणाल्या, "मास्तर, तिथं नळ न्हाई, आड न्हाई, टँकर बी जायचा न्हाई. मग ती मानसं पानी कुठलं पितात?"

आकाशयात्रेविषयीं आजवर मला पुष्कळांनीं पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. परंतु इतका नेमका प्रश्न कोणी विचारल्याचें स्मरत नाहीं. तेव्हां आजच्या या भाषणांत त्या प्रश्नाच्या अनुरोधानेंच मी आपल्याशीं चार गोष्टी बोलणार आहें.

प्रथम त्या ठिपक्याची ओळख करून घेऊं. तो ठिपका म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक. त्याचा पहिला भाग १९९८ सालीं वर गेला, आणि २ नोव्हेंबर २००० पासून तें एक दिवसही निर्मनुष्य राहिलेलें नाहीं. अमेरिका, रशिया, युरोपांतील राष्ट्रें, जपान आणि कॅनडा यांनीं मिळून उभारलेलें हें सुमारे ४२० टन वजनाचें बिऱ्हाड जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे अडीचशें मैल उंचीवरून फिरत असतें. हें अंतर फार आहे असें समजूं नका. नगरहून मुंबई सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर आहे. त्याच्या दुप्पट वर गेलें कीं आपण स्थानकाच्या दाराशीं पोहोंचलों. अंतर अवघड नाहीं. अवघड आहे ती गति. स्थानक ताशीं सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानें धांवतें. नगर ते मुंबई एवढी वाट तें अर्ध्या मिनिटाच्या आंत ओलांडतें, आणि दीड तासांत पृथ्वीला एक फेरी घालतें. तेथील रहिवाशांना चोवीस तासांत सोळा वेळां सूर्योदय घडतो.

येथें एका सार्वत्रिक गैरसमजाचें निराकरण केलें पाहिजे. तेथें माणसें तरंगतात याचें कारण तेथें गुरुत्वाकर्षण नाहीं, असें सुशिक्षित घरांतही सांगितलें जातें. वस्तुतः त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळ जवळ नव्वद टक्के शिल्लक असते. चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावरून एखादा दगड आडवा भिरकावला, तर तो कांहीं अंतरावर खालीं पडेल. अधिक जोरानें फेंकला तर अधिक दूर पडेल. आतां असा वेग कल्पा कीं, दगड जितका खालीं येतो तितकीच गोल पृथ्वी त्याच्याखालून वळून दूर होते. असा दगड पडतच राहील, परंतु जमिनीला कधींच लागणार नाहीं. स्थानक असेंच अखंड पडत आहे. त्यांतील माणसें, भांडीं आणि पाण्याचे थेंबही त्याच्याबरोबर सारख्याच वेगानें पडत असतात. म्हणून तीं तरंगल्यासारखीं दिसतात.

या बिऱ्हाडांत गेल्या वर्षीं, म्हणजे २०२५ सालीं, आपल्या देशाचा एक पाहुणा राहून आला. २५ जून रोजीं भारतीय वेळेप्रमाणें दुपारीं १२ वाजून १ मिनिटानें फ्लोरिडांतील केनेडी अवकाशकेंद्रावरून फाल्कन-९ हा अग्निबाण सुटला. त्याच्या टोकावरील 'ग्रेस' नांवाच्या यानांत चौघे जण होते. नेतृत्व पेगी व्हिटसन या अनुभवी अमेरिकन बाईंकडे होतें. त्यांचे अंतराळांतील एकूण दिवस या सफरीच्या अखेरीस ६९५ झाले, आणि इतके दिवस दुसऱ्या कोणाही अमेरिकन माणसानें तेथें काढलेले नाहींत. यानाचे चालक होते आपले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला. उरलेले दोघे पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्नेव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू. २८ तासांनीं यान स्थानकास जोडलें गेलें. चौघांचा तेथें १८ दिवस मुक्काम झाला, आणि १५ जुलै रोजीं तीं सारीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत सुखरूप उतरलीं.

या प्रसंगास एक जुना धागा आहे. पोलंडचा पहिला अंतराळवीर १९७८ सालीं, हंगेरीचा १९८० सालीं आणि आपले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजीं वर गेले. हे तिघेही सोव्हिएट रशियाच्या यानांतून, त्या देशाच्या सॅल्यूत स्थानकावर गेले होते. त्यानंतर तिन्ही राष्ट्रांना चाळीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली, आणि पुढची पाळी आली ती एकाच यानांतून, तीही अमेरिकन अग्निबाणावर. महाराष्ट्राच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शर्मा आणि शुक्ला या दोघांचेंही सैनिकी शिक्षण पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत झालें. शर्मा आकाशांतून परतले तेव्हां शुक्लांचा जन्मही झाला नव्हता.

आतां मावशींच्या प्रश्नाकडे वळूं. स्थानकावर पिणें, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून एका माणसास दिवसाकाठीं सुमारे पावणेचार लिटर पाणी लागतें. आपल्या घरची एक बादली तेथें तिघाचौघांचा दिवस काढील. परंतु एवढेंही पाणी नित्य अग्निबाणानें वर नेऊं म्हटलें तर तो खर्च कोणाही राष्ट्रास झेंपणार नाहीं. म्हणून तेथें पाणी टाकून द्यावयाचें नाहीं, हाच नियम. माणसाच्या श्वासाबरोबर बाहेर पडणारी वाफ, व्यायामानें आलेला घाम आणि लघवी हीं सर्व गोळा होतात. लघवी ऊर्ध्वपातनानें शुद्ध करतात. त्यांतून उरलेल्या खाऱ्या गाळांतूनही पाणी काढून घेण्याची सोय अलीकडे झाली. नंतर तें सारें पाणी गाळून, त्यांतील उरलेलीं द्रव्यें नष्ट करून, त्यांत जंतुनाशक घालून पुनः प्यावयास देतात. पूर्वीं शंभर भागांपैकीं त्र्याण्णव-चौऱ्याण्णव भाग पाणी परत मिळे. २०२३ सालीं हें प्रमाण अठ्ठ्याण्णवांवर पोहोंचलें. त्याच पाण्याचें विजेनें विघटन करून श्वासासाठीं प्राणवायुही तयार करतात. म्हणजे तेथें पाण्याचा थेंब वायां जाणें म्हणजे उद्यांचा श्वास वायां जाणें होय.

हें उत्तर मी मावशींना सांगितलें तेव्हां मुलांनीं नाकें मुरडलीं. मावशी मात्र म्हणाल्या, "आपलंच पानी फिरून आपल्याकडं आलं, त्यात इटाळ कसला? ढगातनं येतं ते तरी कुठलं असतं?" यावर मला कांहीं बोलण्यासारखें उरलें नाहीं.

परंतु त्यांचा दुसरा प्रश्न अधिक टोंचणारा होता. "याला पैका किती लागला?" प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें भारताचा या सफरीवरील खर्च सुमारे ५५० कोटी रुपये आहे. ज्या जिल्ह्यांत उन्हाळा आला कीं टँकरची वाट पाहत बायाबापड्या रांगेंत उभ्या राहतात, त्या जिल्ह्यांत हा आंकडा उच्चारतांना जीभ अडखळते, हें मी प्रांजळपणें कबूल करतों. ही सफर झाली म्हणून पाथर्डीच्या एका वाडीची तहान भागली नाहीं, आणि भागेल असें म्हणणें ही फसवणूक होईल.

तरीही हा खर्च फुकट गेला असें मला वाटत नाहीं. भारत स्वतःच्या यानांतून स्वतःचीं माणसें वर पाठविण्याची 'गगनयान' ही योजना राबवीत आहे, आणि २०३५ पर्यंत स्वतःचें स्थानक उभारण्याचा त्याचा संकल्प आहे. अशा घरांत राहणें हें पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. कोणीतरी जाऊन राहून यावें लागतें. शुक्लांनीं तेथें धारवाडच्या संशोधकांनीं दिलेलीं मुगाचीं आणि मेथीचीं बीजें अंकुरवून पाहिलीं, सूक्ष्म शेवाळें वाढविलीं, स्नायू कसे क्षीण होतात याचे प्रयोग केले. मूग आणि मेथी हीं तर आपल्या परसांतलीं आणि स्वयंपाकघरांतलीं पिकें! आणि १९८४ सालीं शर्मांनीं वरून भारतभूमीचीं छायाचित्रें घेतलीं, त्यानंतर चारच वर्षांनीं आपला स्वतःचा भूनिरीक्षक उपग्रह वर गेला, आणि पुढें अशाच उपग्रहांच्या चित्रांवरून कोठें विहीर खणल्यास पाणी लागण्याचा संभव आहे याचे नकाशे गांवोगांवासाठीं तयार झाले, हें विसरून चालणार नाहीं. वर गेलेली दृष्टि कधीं कधीं अशी खालीं उपयोगीं पडते.

परंतु माझा खरा मुद्दा याहून वेगळा आहे. स्थानकावर जें घडतें तें यंत्रांच्या बळावर घडतें हें खरें. पण त्या यंत्रांच्या मुळाशीं एक साधी संवय आहे, ती म्हणजे हिशेबाची. किती पाणी आलें, किती वापरलें, किती परत मिळालें, याची तेथें नोंद असते. आणि ही संवय शिकण्यासाठीं आपणांस आकाशांत जाण्याची गरज नाहीं. नगर तालुक्यांतील हिवरेबाजारापर्यंत गेलें तरी पुरे. त्या गांवचा पाऊस वर्षाकाठीं तीनचारशें मिलिमीटरांच्या घरांत. १९७२ च्या दुष्काळानंतर गांव उजाड होत गेलें, तरणीं माणसें मजुरीसाठीं शहरांकडे गेलीं. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले, आणि लोकांनीं श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडें लावलीं, कुऱ्हाड आणि मोकाट चराई बंद केली. परंतु पाणी आलें म्हणजे संपलें असें त्यांनीं मानलें नाहीं. त्या गांवांत दर वर्षीं पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेपुढें पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधीं माणसांचें आणि गुरांचें पिण्याचें पाणी बाजूला काढावयाचें, आणि उरलेल्या पाण्यांत कोणतें पीक घ्यावयाचें तें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. उसासारख्या तहानलेल्या पिकास तेथें मज्जाव आहे. गांवाच्या शिवारास भिंती नाहींत, तरी गांवकऱ्यांनीं तें बंद डब्याप्रमाणें मानून त्यांतल्या थेंबाथेंबाची जबाबदारी घेतली, ही मोठी गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट त्या आकाशांतील बिऱ्हाडाकडून घेण्यासारखी वाटते. स्थानकाची बहुतेक वीज अमेरिकन बाजूच्या सौरपंखांवर मिळते. त्याची उंची राखण्याचें काम मुख्यतः रशियन बाजूच्या इंजिनांनीं होत आलें आहे. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धामुळें खालीं या राष्ट्रांचे संबंध किती बिघडले हें आपण जाणतांच. परंतु वर त्यांचीं माणसें एकाच छपराखालीं राहत आलीं. त्यांच्यांत मतभेद नाहींत असें नाहीं. पण एकानें दुसऱ्याचा पुरवठा तोडला तर दोघेही बुडणार, हें त्यांना स्पष्ट दिसतें. आपल्याकडे पावसानें ओढ दिली कीं नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडावें कीं न सोडावें, यावरून दर खेपेस वाद पेटतो. वरच्यांचें दुःख खोटें नाहीं, आणि खालच्यांची तहानही खोटी नाहीं. परंतु प्रवरा, मुळा आणि गोदावरी हें एकच घर आहे, ही जाणीव दोन्हीं बाजूंना असेल, तर तो वाद निदान हिशेबाच्या वह्या समोर ठेवून करतां येईल.

ज्यांचें नांव आमच्या जिल्ह्यास मिळालें, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चोंडी या गांवीं झाला. शुक्ला वर गेले तें वर्ष त्यांच्या जन्माचें तीनशेंवें. देशभर घाट, विहिरी आणि बारवा बांधविणारी ही बाई अशा कोरड्या मुलुखांत वाढलेली होती, यांत मला तरी आश्चर्य वाटत नाहीं.

श्रोते हो, हें स्थानकही कांहीं अमर नाहीं. २०३० नंतर तें समुद्रांत उतरवून टाकण्याचा बेत आहे. तोंवर एखाद्या निरभ्र संध्याकाळीं आपण मुलांना घेऊन गच्चीवर जा, आणि तो ठिपका त्यांना अवश्य दाखवा. त्यांत राहणाऱ्या माणसांना दिवसाला किती पाणी पुरतें तेंही सांगा. मग खालीं येऊन आपल्या घरीं सकाळपासून किती बादल्या रित्या झाल्या, तें मुलांनाच मोजावयास सांगा. आमच्या शेजारच्या मुलांनीं तें मोजलें. आंकडा मी येथें सांगत नाहीं, कारण त्यांत माझ्या घरच्या बादल्याही होत्या.