तीन महिन्यांची वाट



गोव्यात ऑक्टोबर ते मार्च हा पर्यटकांचा हंगाम. मांद्रे, मोरजी, आगोंद इथल्या किनाऱ्यांवर महिना-दोन महिने मुक्काम ठोकणारे परदेशी पाहुणे असतात आणि त्यांच्या शॅकखाली सावलीला झोपणारी कुत्रीही असतात. पहिल्या आठवड्यात पाहुणा कुत्र्याला पाव टाकतो. दुसऱ्या आठवड्यात त्याचं नाव ठेवतो. व्हिसा संपायला पंधरा दिवस उरले की आमच्यासारख्या पशुवैद्याकडे येतो आणि विचारतो, ‘डॉक्टर, याला मी माझ्या घरी घेऊन जाऊ शकतो ना?’

जाऊ शकतो. पण पंधरा दिवसांत नाही. माणूस इंग्लंडचा किंवा जर्मनीचा असला तर हिशेब असा आहे. आधी कुत्र्याच्या मानेच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवायची. त्यानंतर रेबीजची लस. लशीनंतर किमान तीस दिवस थांबून रक्ताचा नमुना घ्यायचा आणि तो त्या देशांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच पाठवायचा. रक्तातल्या प्रतिद्रव्यांचं प्रमाण एका मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त निघालं, तर नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने मोजायचे. ते संपले की कुत्रा निघू शकतो. पिल्लू असेल तर हिशेब आणखी लांबतो, कारण बारा आठवड्यांच्या आतली लस धरलीच जात नाही. म्हणजे पिल्लू सात महिन्यांचं होईपर्यंत ते इथेच.

हे ऐकून पाहुण्याचा चेहरा पडतो, मग तो चिडतो. अहवाल चांगला आला, कुत्रा ठणठणीत आहे, मग पुढचे तीन महिने कशासाठी? सरकारी खाक्या, दुसरं काय! आपल्याकडची माणसंही हेच म्हणतात. पुण्याहून मुलगा लंडनला नोकरीला निघतो, सोबत घरचा लाडका लॅब्रेडॉर न्यायचा असतो, आणि घरातले सगळे विचारतात की लस दिली आहे, कागद आहे, आता अडतंय कुठे?

कुठे अडतं ते सांगतो. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेतून रक्तात शिरून लगेच मेंदूत जात नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू चढतो. पायाला चावा असेल तर वाट लांब, तोंडाला असेल तर जवळची. बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत रोग दिसतो, पण काही वेळा त्याहून बराच उशिरा. या मधल्या काळात कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो. जिवंत कुत्र्याला आतून लागण झाली आहे की नाही, हे खात्रीने सांगणारी तपासणी आजही नाही. खात्री होते ती मेल्यावर मेंदू तपासून. आणि लागण आधीच झालेली असेल तर नंतर दिलेली लस कुत्र्याला वाचवेलच असं नाही.

तीन महिन्यांचं उत्तर इथेच आहे. रक्तात प्रतिद्रव्यं सापडली तर ती दोन कारणांनी असू शकतात. एक, लस लागू पडली. दोन, कुत्र्याला खरोखरच रेबीज झाला आहे. पण रेबीज झालेल्या कुत्र्याच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं दिसू लागतात ती बहुधा अगदी शेवटी, आणि असा कुत्रा पुढे तीन महिने जगत नाही. तेव्हा नमुना दिल्यानंतर तीन महिने जो धडधाकट राहिला, त्याच्या रक्तातलं संरक्षण लशीचंच. कागदावरची ती मुदत म्हणजे एक तपासणीच आहे, फक्त ती प्रयोगशाळेऐवजी कॅलेंडरवर होते. माझ्या मते सगळ्या नियमावलीतला हा सर्वांत शहाणा नियम आहे, आणि त्याचं कारण कुणी समजावून सांगत नाही म्हणून तो सर्वांत बदनाम आहे.

हा शहाणपणा एका दिवसात आलेला नाही. ब्रिटनने भटकी कुत्री पकडून, पाळीव कुत्र्यांना मुसक्या बांधायला लावून आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अडवून 1902 पर्यंत रेबीज संपवला होता. 1918 साली तो परत आला. महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला, असं मानतात. पुन्हा निपटून काढायला 1922 उजाडलं. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं ब्रिटनमध्ये परदेशातून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने सरकारमान्य पिंजऱ्यांत काढावे लागत. हॉलिवूडची एलिझाबेथ टेलर 1968 मध्ये लंडनला आली तेव्हा तिने कुत्र्यांसाठी टेम्स नदीत एक बोट भाड्याने घेतली. कुत्री पाण्यावर, म्हणून ती देशात आलीच नाहीत! पैसा असला की कायद्याला अशी बगल देता येते. सैनिकाजवळ फक्त पिशवी असते.

आणि सहा महिनेही पुरेसे ठरले नाहीत. 1969 मध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली गावात जर्मनीहून आलेला एक कुत्रा सहा महिन्यांचं विलगीकरण पूर्ण करून बाहेर पडला आणि काही दिवसांतच पिसाळला. त्याने माणसांना चावे घेतले. मग आसपासच्या जंगलात कोल्हे मारण्याची मोहीम काढावी लागली. नुसतं कोंडून ठेवण्याने भागत नाही, हे तेव्हा दिसलं. पुढे चांगल्या लशी आल्या, रक्ततपासणी आली, मायक्रोचिप आली, आणि 28 फेब्रुवारी 2000 पासून ब्रिटनने ठरावीक देशांतल्या कुत्र्यांसाठी पिंजऱ्याऐवजी हा कागदांचा मार्ग खुला केला. 2012 पासून थांबण्याची मुदतही घटली. भारतासारख्या देशांसाठी ती तीन महिने आहे. म्हणजे आज जो नियम आपल्याला जाचक वाटतो, तो खरं तर जुन्या नियमाच्या निम्माच आहे, आणि तो काळ कुत्रा पिंजऱ्यात नाही तर ओळखीच्या घरात काढू शकतो.

आता सैनिकांची गोष्ट निघालीच आहे तर दोन कुत्र्यांबद्दल सांगतो. पहिली जूडी. शांघायमध्ये जन्मलेली ही पॉइंटर जातीची कुत्री ब्रिटिश नौदलाच्या बोटीवर होती. दुसऱ्या महायुद्धात ती सुमात्रामध्ये जपान्यांच्या हाती सापडली आणि फ्रँक विल्यम्स या सैनिकाबरोबर युद्धकैद्यांच्या छावणीत राहिली. अधिकृत नोंद झालेली ती युद्धकैदी होती. सुटका झाल्यावर बोटीवर कुत्र्यांना मनाई होती, तेव्हा फ्रँकने तिला चोरून बोटीवर चढवलं. पण लिव्हरपूलला उतरल्यावर त्याने लपवाछपवी केली नाही. जूडीने सहा महिने विलगीकरणात काढले, 1946 च्या एप्रिलमध्ये ती बाहेर आली, आणि मे महिन्यात तिला प्राण्यांच्या शौर्याबद्दलचं डिकिन पदक मिळालं.

दुसरा हॉरी. 1941 मध्ये जिम मूडी या ऑस्ट्रेलियन सैनिकाला तो इजिप्तच्या वाळवंटात सापडला. ग्रीस, क्रीट, सीरिया असा तुकडीबरोबर फिरला. 1942 मध्ये मूडीने त्याला सामानाच्या पिशवीत लपवून ऑस्ट्रेलियात आणलं. तीन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. 1945 मध्ये रेड क्रॉससाठी निधी जमवायला मूडीने हॉरीला लोकांपुढे आणायचं ठरवलं, तेव्हा अधिकाऱ्यांना कळलं. कुत्रा ताब्यात देण्याचा हुकूम झाला आणि मार्च 1945 मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. देशभर संताप उसळला. पुढे असंही सांगितलं गेलं की मूडीने सरकारला हॉरीसारखाच दिसणारा दुसरा कुत्रा दिला होता. ते खरं असेल तर हॉरी वाचला, आणि कोंडवाड्यातला कुणी बिनओळखीचा कुत्रा त्याच्या जागी मेला. या गोष्टीतला हा भाग मला फार टोचतो, पण हॉरीवर प्रेम करणारे लोक त्याबद्दल क्वचितच बोलतात.

ऑस्ट्रेलियाचा हट्ट आजही तसाच आहे, कारण कुत्र्यांचा रेबीज तिथे नाही. भारतातून कुत्रा तिथे थेट नेताच येत नाही. आधी तिसऱ्या, त्यांनी मान्य केलेल्या देशात त्याला ठेवायचं, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोचल्यापासून किमान 180 दिवस मोजायचे, आणि मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात पुन्हा विलगीकरण. 2015 मध्ये अभिनेता जॉनी डेप आणि त्याची पत्नी अँबर हर्ड खासगी विमानातून दोन छोटी कुत्री कागदपत्रांशिवाय तिथे घेऊन गेले. कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी जाहीर सांगितलं, कुत्री परत न्या, नाहीतर त्यांना मारावं लागेल. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी हर्डला चुकीची कागदपत्रं दिल्याचा गुन्हा कोर्टात कबूल करावा लागला. लोक त्या मंत्र्याला हसले. मी हसलो नाही.

का, ते अमेरिकेतल्या एका प्रकरणावरून लक्षात येईल. जून 2021 मध्ये अझरबैजानमधून वाचवलेली, दत्तक देण्यासाठी आणलेली तेहतीस कुत्री शिकागोच्या विमानतळावर उतरली. सगळ्यांचे लशीचे दाखले जोडलेले होते. ती वेगवेगळ्या राज्यांत घरोघरी पोचली आणि त्यातलं पेनसिल्व्हेनियात गेलेलं एक कुत्रं रेबीजने आजारी पडलं. त्याच्या संपर्कात आलेल्या माणसांना लशी घ्याव्या लागल्या, बाकीच्या कुत्र्यांचा माग काढावा लागला. त्याच सुमारास, 14 जुलैपासून, अमेरिकेने भारतासह रेबीजचा मोठा धोका असलेल्या देशांतून कुत्री आणण्यावर स्थगिती आणली. ऑगस्ट 2024 पासून नवे नियम आहेत: सहा महिन्यांखालचा कुत्रा आणताच येत नाही, आणि आपल्याकडे लस दिलेल्या कुत्र्याला फक्त ठरलेल्या काही विमानतळांवरच उतरवता येतं. चांगल्या हेतूने केलेल्या अशा घाईमुळे जगभरच्या कितीतरी कुत्र्यांची वाट लांबते.

आपणा भारतीयांना हे इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं रेबीजने जातात आणि त्यांतला मोठा वाटा आशिया-आफ्रिकेचा. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे शब्द ऐकून धडकी भरणारी पिढी आपल्यात अजून आहे. गोव्याने गेली काही वर्षं घरोघरी आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस देऊन 2021 मध्ये रेबीज नियंत्रित राज्य म्हणून घोषणा करण्यापर्यंत मजल मारली, हे मोठं काम आहे. पण परदेशी याद्या राज्याच्या नाही, देशाच्या नावाने बनतात. मोरजीच्या कुत्र्यालाही मेरठच्या कुत्र्याइतकंच थांबावं लागतं.

परदेशातून भारतात कुत्रा आणायचा तर? तिथेही कुंपण आहे. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्या माणसाला सामानाबरोबर दोन पाळीव प्राणी आणता येतात. बाकीच्यांना विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. आधी प्राणी विलगीकरण केंद्राचं ना-हरकत पत्र घ्यायचं आणि मुंबईसारख्या ठरावीक विमानतळांवरच उतरायचं. थायलंडला सहलीला गेलेल्या कुटुंबाला तिथलं पिल्लू आवडलं, तर ते बरोबर आणणं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मात्र एकदा हे कुंपण उघडलं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा वैद्यकीय शिकायला गेलेली आपली हजारो मुलं तिथे अडकली होती. महाराष्ट्रातलीही पुष्कळ होती. त्यांतल्या काहींनी पाळलेल्या कुत्र्या-मांजरांशिवाय निघायला नकार दिला. बाँब पडत असताना कागदपत्रं कुठून आणि कशी जमवणार? भारत सरकारने त्या वेळेपुरती सवलत दिली आणि या मुलांना परत आणणाऱ्या ऑपरेशन गंगा मोहिमेच्या विमानांतून काही प्राणीही आले. युरोपातल्या देशांनीही युक्रेनमधून येणाऱ्या निर्वासितांसाठी तेच केलं. त्यावर लोक मला विचारतात, मग नियम मोडला ना? नाही. नियम सैल करणाऱ्याला माहीत होतं की कोणता कुत्रा कुठे गेला. त्याला नंतर लस देता येत होती, त्याच्यावर लक्ष ठेवता येत होतं. पिशवीत लपवलेल्या कुत्र्याचा पत्ता फक्त एका माणसाला असतो, आणि तो माणूस प्रेमात असतो.

वेळ संपत आली आहे, तेव्हा कामाच्या दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. कुत्रा नेणार असाल, तर किमान पाच-सहा महिने आधी पशुवैद्याकडे या. मायक्रोचिप पंधरा अंकी, आंतरराष्ट्रीय मानकाचीच घ्या. चिप आधी, लस नंतर. उलटं झालं तर परदेशात ती लस दिलीच नाही असं समजतात आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ब्रिटनला जाणार असाल तर प्रवेशाच्या 24 ते 120 तास आधी फीतकृमीचं औषध पशुवैद्याकडूनच देऊन त्याची नोंद करून घ्या. कुत्र्याने तुमच्या प्रवासाच्या पाच दिवसांच्या आत प्रवास केला नाही, तर युरोपात त्याला व्यापारी माल समजून वेगळे नियम लावतात. आणि तुम्हाला आधी निघावं लागलं, तर मधले महिने त्याला सांभाळणारं एक घर इथे शोधून ठेवा, त्या घराला खर्चाचे पैसे द्या, आणि रक्ताच्या नमुन्याची तारीख त्यांच्याकडेही लिहून ठेवा.