पाण्याखालच्या जॅकेटासाठी कर्ज



आमचा बचत गट पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याशी. शिलाई मशीन, मिरची कांडप, पोळी-भाजीचा डबा, मुलांच्या फिया, अशा कामांसाठी आम्ही आजवर कर्जं दिली. गेल्या श्रावणातल्या बैठकीत मात्र वेगळाच अर्ज आला. आमच्या एका ताईंच्या मुलीला स्कूबा डायव्हिंगचं जॅकेट घ्यायचं होतं.

ही मुलगी उन्हाळ्यात तलावावर पोहणं शिकवायची. मग तारकर्लीला जाऊन तिनं स्कूबाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. आता ऑक्टोबर ते मे या हंगामात ती मालवणकडे पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचं काम करते. कामावर मिळणारी जॅकेटं पुरुषांच्या मापाची. एकदा पाण्याच्या वर आल्यावर हवा भरली, तर जॅकेट वर सरकून थेट कानाला लागलं आणि हनुवटी दाबली गेली. तेव्हापासून तिनं ठरवलं, जॅकेट स्वतःचं घ्यायचं.

अर्ज वाचून झाला आणि आमच्या गटातल्या आजींनी विचारलं, "पाण्यात उतरायला कर्ज द्यायचं?" आजींचं विचारणं साहजिक होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. पुण्यात शिरलेलं पाणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पुढचा प्रश्नही त्यांचाच, "ते जॅकेट घातलं की पोर बुडणार नाही ना?"

उत्तर आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, आधी वस्तू समजून घ्यायची, मग पैशाचं बोलायचं.

तुमच्यापैकी कितीतरी जणी पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या असतील. भोपळा माणसाला वर ठेवतो. लाइफ जॅकेटचं कामही तेच. होडीत बसताना, धरणावर, खाडीत आपल्याला हवं ते लाइफ जॅकेट. स्कूबाचं जॅकेट वेगळं. त्याला बीसीडी म्हणतात. मासा साफ करताना त्याच्या पोटात पांढरा फुगा निघतो, तो आठवा. त्या फुग्यातली हवा कमी-जास्त करून मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर थांबतो. बीसीडी म्हणजे माणसाने अंगात घातलेला तसाच फुगा. पाठीच्या सिलेंडरमधून बटण दाबून त्यात हवा घ्यायची आणि झडपेतून सोडायची. त्यामुळे खालीही जाता येतं, मध्येच स्थिर राहता येतं आणि वर आल्यावर तरंगता येतं.

पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची खात्री हे जॅकेट देत नाही. शिवाय दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो आणि जॅकेटमधली हवा निम्म्या जागेत मावते. वर येताना तीच हवा फुगते. वेळेवर सोडली नाही, तर माणूस झपाट्यानं वर खेचला जातो आणि ते फुफ्फुसांना धोक्याचं असतं. म्हणून आजींना आम्ही खरं ते सांगितलं, "आजी, जॅकेट पोरीला वाचवत नाही. पोरीला जॅकेट वापरता येतं, ते वाचवतं."

मग निवड सुरू झाली. आमच्यापुढे तीन जॅकेटं होती. पहिलं नवीन, जाड गादीचं, साडेचार किलोचं, सव्वीस हजाराला. दुसरं नवीन, अडीच किलोचं, बायकांच्या मापाचं, गेल्या वर्षीचा माल म्हणून एकतीस हजाराला. तिसरं वापरलेलं, तेही हलकं, चौदा हजाराला.

आमचं मन आधी चौदा हजारावर गेलं. पण मुलीनं ते पूर्ण फुगवून रात्रभर ठेवलं. सकाळी ते मऊ पडलं होतं. पाण्यात दाबलं तर शिवणीतून बुडबुडे. बटणाजवळ मिठाचा पांढरा थर होता, म्हणजे ते गोड्या पाण्यानं नीट धुतलेलंच नव्हतं. झडप बदलता येते, पण फाटत आलेला फुगा घेऊन काय करायचं? ते आम्ही परत दिलं.

उरलेली दोन तिनं सिलेंडर लावून तलावात घालून पाहिली. इथे आम्हाला एक नवीन गोष्ट कळली. जाड गादी स्वतःच तरंगते. ती खाली न्यायला कमरेला जास्त शिसं बांधावं लागतं. पहिल्या जॅकेटात तिला चार किलो शिसं लागलं, दुसऱ्यात तीन. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तर आणखी दोनेक किलो लागतं. म्हणजे हलकं जॅकेट घेतलं, की एसटीतलं ओझं कमी होतं आणि कमरेवरचंही.

दुसरं पाहायचं ते माप. जॅकेट पूर्ण फुगवून खोल श्वास घ्यायचा. छाती आवळली तर माप लहान. मैत्रिणीनं खांद्याचे पट्टे धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर माप मोठं. छातीवरचा पट्टा बाईला सोसेल अशा जागी बसतो का, हात न बघता झडपेच्या दोरीपर्यंत जातो का, हेही पाहायचं. मोठा फुगा म्हणजे जास्त सुरक्षित, असंही नाही. आपल्या कोमट समुद्रात पातळ सूट घालणाऱ्याला साधारण दहा ते पंधरा किलो वजन तोलणारा फुगा पुरतो. त्याहून मोठ्यात हवा इकडेतिकडे पळते आणि तोल जातो.

तिसरं, दुरुस्ती. झडपा आणि रबरी वायसर इथे मिळतात का, वर्षातून एकदा तपासून कोण देईल, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतलं.

शेवटी एकतीस हजाराचं जॅकेट ठरलं. सहा हजार मुलीचे, पंचवीस हजार गटाचे. हप्त्यावर मात्र चर्चा रंगली. पावसाळ्यात समुद्र बंद, काम बंद, मग हप्ता कुठून येणार? म्हणून ऑक्टोबर ते मे मुद्दल आणि व्याज, जून ते सप्टेंबर फक्त व्याज, असे दोन हंगाम ठरवले. पंचसूत्रीत आपण नियमित परतफेड म्हणतो. पण कमाईचा हंगाम बघून हप्ता बांधला, तरच ती नियमित होते. गावाकडे ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा भात लावणाऱ्या बाईलाही हाच हिशोब लागू आहे.

एक अट आजींनी घातली. रोज काम संपलं की जॅकेट आतून-बाहेरून गोड्या पाण्यानं धुवायचं, पाणी काढायचं, थोडी हवा भरून सावलीत टांगायचं. "गटाच्या पैशाची वस्तू आहे," त्या म्हणाल्या. मुलगी ते पाळते. पहिले तीन हप्ते वेळेवर आलेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोणी अशी अनोळखी वस्तू मागितली, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. ती वस्तू नेमकं काय करते आणि काय करत नाही, हे आधी विचारा. वापरणारीच्या अंगावर, तिच्याच हातात ती बसते का, ते बघा. बिघडली तर कोण नीट करेल, आणि कमाई कुठल्या महिन्यांत येते, ते लिहून घ्या. मग सही करा.

गेल्या बैठकीत आजींनी ते जॅकेट हातात घेऊन पाहिलं. म्हणाल्या, "एवढंसं तर आहे." मग स्वतःच्या पासबुकावर अंगठा उमटवून त्या महिन्याची बचत भरून गेल्या.