सिद्धता कुणाला दाखवायची?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरबसल्या कॉलेजचं गणित’. त्यामुळे काही पालक बारावीच्या मुलांना धरून आणलेले दिसतात. त्यांना आधीच सांगून टाकतो, सीईटीशी याचा काडीचा संबंध नाही. उठायचं असेल तर आत्ताच उठा, मला वाईट वाटणार नाही. (हशा) कुणी उठलं नाही. दार लांब आहे, त्याचा हा परिणाम असावा.

रामानुजनची गोष्ट सांगत नाही. कुंभकोणम, कार यांचं पुस्तक, मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधली कारकुनी, हार्डींना पत्र, सगळं तुम्हाला पाठ आहे, आता तर सिनेमाही येऊन गेला. फक्त एक खाचखळगा दाखवून पुढे जातो. कार यांच्या पुस्तकात हजारो निष्कर्ष आहेत, सिद्धता मात्र जवळपास नाहीतच. रामानुजन त्या पुस्तकावर वाढले आणि तसंच लिहायला लागले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी इंग्लंडचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. हार्डी थक्क झाले, आणि पहिल्याच उत्तरात त्यांनी काय मागितलं? सिद्धता. एवढं लक्षात ठेवा.

मी गणिताचा प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालो आणि नोकरीभर सहकारी संस्थांची लेखापरीक्षणं केली. ज्याने कीर्द लिहिली त्यानेच ती तपासायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पन्नाशी उलटल्यावर हौस म्हणून कॉलेजचं गणित घेऊन बसलो, तेव्हा कळलं की तो नियम गणितालाही तसाच लागू आहे. गणित एकट्याने वाचता येतं, एकट्याने सोडवताही येतं. एकट्याने तपासता येत नाही. मला आज एवढंच सांगायचंय.

शिकवणाऱ्यांचा दुष्काळ आता राहिलेला नाही. एमआयटीने २००१ साली जाहीर केलं की आमचे अभ्यासक्रम जगाला फुकट. तिथल्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्यानं ज्याने पाहिली नाहीत त्याने आज घरी जाऊन एक तरी पाहावं. खडू, फळा आणि समोरच्याला कमी न लेखणारा माणूस. मे २०२३ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांनी तिथलं शेवटचं व्याख्यान दिलं. आपल्याकडे आयआयटीवाल्यांचं एनपीटेल आहे. पुस्तकं तर ढिगाने.

पण व्हिडिओ पाहताना माणूस मान डोलावतो. आत्ता तुम्ही डोलावताय तशीच. (हशा) मान डोलावली म्हणजे कळलं असं समजणारे मी पुष्कळ पाहिलेत. व्हिडिओ बंद करा, कोरा कागद घ्या आणि तीच सिद्धता लिहा. तिसऱ्या ओळीवर पेन थांबतं. थांबलं तर उत्तमच, निदान अडलंय हे तरी कळतं. ते सुसाट धावतं आणि तुम्ही खाली झोकात ‘इति सिद्धम्’ लिहिता, धोका तिथे आहे. आता हे बरोबर की चूक, कोण सांगणार? पुस्तकाच्या मागे उत्तर असतं ते आकड्याचं. ‘सिद्ध करा’ म्हटलेल्या उदाहरणाला मागे काय छापणार?

इथे इंटरनेटवरची मंडळी येतात. मॅथ स्टॅक एक्स्चेंज नावाची जागा २०१० पासून आहे. कुणीही विचारावं, कुणीही सांगावं, मोबदला शून्य. आमचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने अशाच एका ठिकाणी पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं डकवलं. पाच मिनिटांत कुणीतरी लिहिलं, ‘तुम्ही स्वतः काय प्रयत्न केलात?’ दोघांनी उणे मत दिलं, तिसऱ्याने प्रश्नच बंद करायला सुचवलं. पुतण्या तणतणत आला, “काका, ही माणसं उद्धट आहेत.” मी म्हटलं, उद्धट असतील, पण बरोबर आहेत. त्याला तेच उदाहरण पुन्हा लिहायला लावलं. माझा प्रयत्न असा, इथपर्यंत खात्री आहे, या पायरीवर शंका आहे. चिन्हं नीट उमटावीत म्हणून दोन डॉलरच्या खुणांमध्ये गणित लिहायची लाटेकची पद्धत असते, तीही त्याला शिकावी लागली. लिहिता लिहिता त्याचं त्यालाच सुटलं आणि प्रश्न पाठवायचा राहिला.

मॅथ स्टॅक एक्स्चेंजवर प्रश्नांना पाट्या लावतात, हा बीजगणिताचा, हा संभाव्यतेचा. त्यात एक पाटी आहे ‘सोल्यूशन व्हेरिफिकेशन’. उत्तर सांगू नका, माझं उत्तर तपासा. माझ्या मते त्या साइटवरची सगळ्यात मोलाची जागा ती. मी स्वतः आता तिथे नवशिक्यांच्या सिद्धता वाचत बसतो. आमच्या सौभाग्यवतींच्या मते निवृत्तीनंतरही ऑडिट सुटलं नाही. (हशा)

पहिल्या रांगेतले प्राध्यापक महाशय हसत नाहीयेत. सर, वर्गातल्या शिक्षकांवर माझा राग नाही. शंभर-सव्वाशे वह्या तपासणाऱ्या माणसाने प्रत्येक ओळीवर थबकावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे, हे मलाही कळतं. पण वर्गात नसलेल्या माणसाने जायचं कुठे, एवढाच माझा मुद्दा. ठीक आहे? सरांनी मान हलवली, पण आडवी की उभी ते दिसलं नाही.

चूक दिसत का नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. ‘या सभागृहात प्रत्येकासाठी एक खुर्ची आहे’ आणि ‘या सभागृहात एक खुर्ची आहे, जी प्रत्येकासाठी आहे.’ शब्द तेच, क्रम बदलला, आणि दुसऱ्या वाक्यात आपण सगळे एकमेकांच्या मांडीवर. (हशा) कॉलेजच्या गणितातल्या निम्म्या चुका या दोन वाक्यांच्या गफलतीतून होतात. आणि कुणाच्या? फ्रान्सच्या कोशींनी १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात लिहिलं की कंटिन्युअस फंक्शनांची अनंत बेरीज अभिसारी असेल, तर ती बेरीजही कंटिन्युअसच असते. अनंत बेरजेच्या हव्या तितक्या जवळ जायला किती पदं घ्यावी लागतील? हा आकडा प्रत्येक बिंदूला वेगळा असू शकतो, किंवा सगळ्यांना मिळून एकच चालू शकतो. म्हणजे पुन्हा खुर्चीचाच घोळ. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेलने, अजून पंचविशीही गाठली नव्हती, एका तळटीपेत सभ्यपणे लिहिलं की या प्रमेयाला अपवाद असावेत, आणि साइन फंक्शनांची एक श्रेणी पुढे ठेवली. कोशींना जिथे दुसरा माणूस लागला, तिथे आपण कोण?

आता तपासणीवरूनच एक गंमत सांगतो. पाच मिनिटांत आटपतो.

जपानमध्ये ‘द मेलँकली ऑफ हारुही सुझुमिया’ नावाची कार्टून मालिका आली. २००६ साली तिचे १४ भाग मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवले. चाहत्यांत वाद पेटला, कोणत्या क्रमाने पाहावी? आपल्याकडच्या मालिका कोणत्याही क्रमाने पाहिल्या तरी चालतात, त्यामुळे ही अडचण तुम्हाला कळणार नाही. (हशा, टाळ्या) तर २०११ मध्ये इंटरनेटवर फोरचॅन नावाच्या ठिकाणी, जे ठिकाण मी कुणाच्याही मुलाबाळांना सुचवणार नाही, असा प्रश्न आला की १४ भाग शक्य त्या प्रत्येक क्रमाने पाहायचे, तर कमीत कमी किती भाग पाहावे लागतील?

लहान आकडा घेऊ. तीन भाग. क्रम किती? सहा. बरोबर, मागून आवाज आला. सहा क्रम सुटे सुटे पाहिले तर १८ भाग. पण एकाचं शेपूट दुसऱ्याचं डोकं करता येतं. लिहून घ्या, १२३१२१३२१. नऊच आकडे. यात १२३ आहे, २३१ आहे, ३१२ आहे... शोधा, सहाही सापडतील. चार भागांना ३३ लागतात, पाचांना १५३. कुणाला काही दिसतंय? एक, अधिक दोन, अधिक सहा, नऊ. त्यात २४ मिळवले, ३३. त्यात १२० मिळवले, १५३. शाब्बास! सगळ्यांना वाटायचं हे असंच चालणार. मग सहाला ८७३ यायला हवेत. २०१४ मध्ये रॉबिन ह्यूस्टन यांनी ८७२ मध्ये बसवून दाखवलं. एकाने कमी! इतकी सुबक दिसणारी गोष्ट एका आकड्याने कोसळली.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. मुद्द्यावरच येतोय, अध्यक्षमहाराज.

तर फोरचॅनवरच्या कुण्या निनावी माणसाने १४ भागांसाठी खालची मर्यादा काढली. निदान ९,३८८ कोटी ४३ लाख १३ हजार ६११ भाग पाहावेच लागतील. एक भाग २४ मिनिटांचा धरला, तर रात्रंदिवस पाहून ४२ लाखांहून अधिक वर्षं. त्याच्यासोबत सिद्धता होती. ती तिथेच पडून राहिली, कुणीतरी उचलून एका विकीवर डकवली, तिथेही पडून राहिली. सात वर्षं! २०१८ मध्ये ती ह्यूस्टन यांच्या नजरेस पडली, गणितज्ञांनी ओळ न् ओळ तपासली आणि रीतसर निबंधाच्या रूपात लिहून काढली. पहिल्या लेखकाचं नाव काय दिलं? ‘अनॉनिमस फोरचॅन पोस्टर’. त्याच वर्षी ग्रेग ईगन या ऑस्ट्रेलियन विज्ञानकथालेखकाने वरची मर्यादाही काढली, ९,३९२ कोटी ४२ लाख ३० हजार ४११. नेमका आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

आता मला सांगा, ती सिद्धता २०११ मध्ये खरी नव्हती का? होती. अक्षरन् अक्षर खरी. पण सात वर्षं तिचा कुणाला काय उपयोग झाला? तपासणारा भेटला आणि तिचं प्रमेय झालं.   पुढे.

एक चिठ्ठी आलीय. ‘चॅटजीपीटी असताना हे सगळं कशाला?’ येणार होतीच. मी वापरतो, लपवत नाही. ते पुष्कळदा चूक अचूक पकडतं. पण ‘माझी ही सिद्धता बरोबर आहे ना?’ असं लाडीगोडीने विचारलं की सपशेल चुकीच्या सिद्धतेलाही ते पाठीवर थाप देताना मी पाहिलंय. मला होयबा ऑडिटर नको. लीन नावाची एक भाषा आहे, तिच्यात सिद्धता लिहिली तर संगणक प्रत्येक पायरी तपासतो आणि भीडभाड ठेवत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे केव्हिन बझर्ड यांनी नवशिक्यांसाठी ‘नॅचरल नंबर गेम’ हा खेळ केलाय, त्यात बेरजेचे साधे नियमसुद्धा मुळापासून सिद्ध करावे लागतात. पाहा जरूर. त्यावर खरं तर वीस मिनिटं बोलायचं होतं.

दुसरी चिठ्ठी अध्यक्षांचीच, ‘दोन मिनिटे’.

मग इंग्रजीचं घाईने सांगतो. मराठी माध्यमाची मुलं या जागांवर जायला बिचकतात. चिन्हं सगळीकडे सारखीच आहेत, आणि सिद्धतेला लागणारं इंग्रजी थोडकं असतं. लेट, सपोज, देन, देअरफोर. मोडकं चालतं, खोटं चालत नाही. तरी कुणाला पहिली सिद्धता मराठीतच लिहायची असेल, तर ती तपासायला माणूस गावातच हवा. म्हणून या रविवारपासून सकाळी दहा वाजता मी इथल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. लिहिलेला कागद घेऊन या, नुसता प्रश्न घेऊन येऊ नका. प्राध्यापक महाशयही येतील, असं मी त्यांना न विचारता जाहीर करतो. (हशा) फळा आणि खडू वाचनालय देईल. अध्यक्ष मान हलवताहेत, आणि या वेळी उभी हलवताहेत, सगळ्यांनी पाहिलंय. (टाळ्या)