पोथी घेऊन जग फिरलेला पिता
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



‘पितृस्मरण’ हा आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्या बेळगाव-निपाणी भागाला परका नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात या पलटणींतील जवान आफ्रिकेत आणि इटलीत लढले. कर्तव्यासाठी दूर गेलेला बाप आणि त्याच्या पत्राकडे डोळे लावून बसलेले घर आपण गावोगावी पाहिले आहे. मात्र आज मी ज्या पित्याचे स्मरण करणार आहे, ते शस्त्र घेऊन नव्हे, तर पोथी घेऊन जग फिरले. घाटाखालच्या गोव्याचे आणि आपले नाते जुने आहे. पोर्तुगीज अमदानीत तिकडची अनेक मुले इंग्रजी शिक्षणासाठी बेळगावास येत. त्याच गोव्याचे सुपुत्र आचार्य धर्मानंद कोसंबी हे माझ्या आजच्या भाषणाचे नायक होत.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच. नारळाच्या बागेची देखरेख करीत दिवस कंठणाऱ्या या तरुणाच्या हाती ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकाचा अंक आला आणि त्यातील बुद्धचरित्राच्या लेखाने त्याच्या मनाची पकड घेतली. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, हा एकच ध्यास उरला. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी ही यात्रा पुढे कित्येक वर्षे चालली. काशीत संस्कृत आणि सिंहलद्वीपात पाली हे त्यांनी अक्षरशः अन्नान्न करीत मिळविलेले धन होय. हा सारा वृत्तांत त्यांनी ‘निवेदन’ या १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात कोणताही आव न आणता सांगितला आहे.

परंतु पित्याचे स्मरण करावयाचे तर एका प्रश्नाला बगल देता येणार नाही. धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हा त्यांची कन्या माणिक तान्ही होती. पत्नी बाळाबाई तरुण होत्या. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची गोष्ट आपण भक्तिभावाने वाचतो, पण यशोधरेच्या वाट्याला काय आले हे क्वचितच विचारतो. धर्मानंदांच्या ज्ञानसाधनेचा निम्मा भार बाळाबाईंनी गोव्यातल्या घरी राहून वाहिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांच्या त्यागाची पोथी कोणी लिहिली नाही, म्हणून तो लहान ठरत नाही.

मग अशा पुरुषास अपत्यवत्सल म्हणावे काय? त्यांच्या उत्तरायुष्यातील आचरणाकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. १९०६ नंतर कलकत्त्यात ते पाली शिकवू लागले. अधिक पगाराची तेथील नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य पत्करले. आपले ज्ञान मराठी माणसाच्या कामी यावे, हा त्यामागील हेतू. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरेन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करावयाचे होते. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावर मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले.

१९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस निघाले. या वेळी मात्र ते एकटे नव्हते. ज्या माणिकला तान्ही असताना मागे ठेवून ते ज्ञानार्थ निघून गेले होते, तीच आता एकोणीस वर्षांची कन्या त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडत होती. सोबत अकरा वर्षांचा दामोदर. हार्वर्डशी निगडित असलेल्या रॅडक्लिफ महाविद्यालयात माणिकने शिक्षण घेतले. मुलीला गावातल्या शाळेत पाठविणेही जेथे धाडसाचे मानले जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे. घर सोडून मिळविलेल्या ज्ञानाचे दार त्यांनी घरच्या लेकीसाठी उघडून दिले. मला त्यांच्या पितृत्वाची खूण येथे दिसते.

दामोदर तेथेच शाळा शिकला. १९२४ मध्ये तो भारतात परतला, तेव्हा धर्मानंद गुजरात विद्यापीठात होते. १९२६ च्या आरंभी पितापुत्र पुन्हा अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये दामोदरने हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळविली. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी म्हणून साऱ्या जगाने पुढे ज्यांना ओळखले, ते हेच. वडील बुद्धाच्या वाटेने गेले, मुलगा मार्क्सच्या. दोघांची मते भिन्न असली तरी स्वभाव एकच होता. ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही, मूळ ग्रंथ आणि मूळ भूमी स्वतः पाहावयाची. पिता ज्ञानासाठी नेपाळपर्यंत वणवण फिरला. पुत्र पुण्याच्या आसपासचे डोंगर पायांखाली घालून अश्मयुगीन हत्यारे आणि जुने व्यापारी मार्ग शोधीत राहिला.

लेनिनग्राड, हार्वर्डच्या एकूण चार वाऱ्या, मिठाच्या सत्याग्रहातील तुरुंगवास, काशी, मुंबई असा प्रवास करून ४ जून १९४७ रोजी धर्मानंदांनी सेवाग्राम येथे अन्नत्यागाने देह ठेवला. ज्या ‘विसुद्धिमग्गा’साठी त्यांनी समुद्र ओलांडले, ती हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या पश्चात १९५० मध्ये निघाली. वॉरेन यांच्याबरोबर धर्मानंदांचेही नाव तीवर आहे. हार्वर्ड प्राच्यग्रंथमालेचा तो एकेचाळिसावा खंड. बेचाळिसावा खंड १९५७ चा ‘सुभाषितरत्नकोश’. त्याचे संपादक दा. ध. कोसंबी आणि वा. वि. गोखले. म्हणजे जेथे ही माला ओळीने लावली आहे, तेथे पितापुत्र एका फळीवर शेजारी शेजारी उभे आहेत. आयुष्यात जे सान्निध्य फार थोडे लाभले, ते ग्रंथालयाने त्यांना कायमचे दिले. पुढे त्यांची नात मीरा कोसंबी यांनी ‘निवेदन’ इंग्रजीत आणले आणि आजोबांचा शब्द नव्या वाचकांपर्यंत पोहोचविला.

दूर असलेला पिता आपल्या मुलांना सहवास देऊ शकत नाही, ही उणीव कोणत्याही कीर्तीने भरून निघत नाही. ती मान्य करूनच आपण त्याने मागे काय ठेवले ते पाहिले पाहिजे. धर्मानंदांनी मुलांसाठी इस्टेट ठेवली नाही. ठेवली ती जिज्ञासा आणि निर्भयता.

वाचनालयाच्या आश्रयदात्यांना शेवटी एकच विनंती. या सगळ्या प्रवासाचा उगम कोठल्या जाडजूड ग्रंथात नव्हता, तर मुलांच्या एका मासिकात होता. आपल्या भागातील एखादा बाप दूरदेशी असेल, तेव्हा त्याचे मूल संध्याकाळी आपल्या बालविभागात येऊन बसेल. त्याच्या हाती काय पडते याची काळजी दुसऱ्या शतकातही वाहा.