दूरच्या विद्यार्थ्याची शंका



शिक्षणाचा प्रसार व्हावा, असे आपण या व्यासपीठावरून प्रतिवर्षी म्हणत आलो आहो. आज त्याच्या एका अंगाविषयी दोन शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतो.

गोंदियाच्या महाविद्यालयांत देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव येथील रानावनाच्या गावांतून रोज येणे सर्वांस साधत नाही. रोवणीच्या दिवसांत घरी हात लागतात. मुलींना परतीच्या बसची चिंता असते. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे वर्ग बंद झाले, तेव्हा व्याख्यान घरबसल्या ऐकता येते हे सर्वांस कळले. परंतु ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर पाठ दाखविले. पण पडद्यास शंका विचारता येत नसे. आज ती सोय आहे. तरीही व्याख्याता तासभर एकटाच बोलत राहिला, तर नव्या यंत्राचा उपयोग काय?

हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी १९९१ पासून एक साधी रीत चालविली. थोडे शिकवावे, मग एक प्रश्न घालावा. प्रत्येकाने दिलेल्या पर्यायांतून आपले उत्तर निवडावे, शेजाऱ्याशी त्यावर वाद घालावा व पुन्हा उत्तर द्यावे. वर्गातल्याने बोटे वर करावी, दूरच्याने भ्रमणध्वनीवरून एक अक्षर पाठवावे. चित्र अडखळले तरी अक्षर बहुधा पोहोचते. मात्र ते पोहोचेपर्यंत गुरुजींनी थांबले पाहिजे. वर्गातील शंका ध्वनिक्षेपकावर पुन्हा सांगावी. दूरच्यांच्या शंका वाचून दाखविण्यास एक विद्यार्थी नेमावा, आणि पहिली शंका त्यांचीच घ्यावी.

पण घरी एकट्या बसलेल्या मुलीस शेजारी कोठून मिळणार? येथे महाविद्यालयाचे काम संपते व समाजाचे सुरू होते. ज्या तालुक्याच्या गावी समाजाचे सभागृह आहे, तेथील एक खोली विद्यार्थ्यांस द्यावी. तीत इंटरनेटची जोडणी, पडदा व ध्वनिक्षेपक असावा. आठदहा मुले-मुली एकत्र बसली की तोही वर्गच झाला. लग्नसराईत सभागृहाचे भाडे मिळते, हे आम्ही जाणतो. तथापि त्या एका खोलीची किल्ली बारमास विद्यार्थ्यांपाशीच असावी, असा ठराव या अधिवेशनाने करावा, ही आमची विनंती आहे.