कॅनडातील बँकेची नोकरी : निघण्यापूर्वी मांडायचे हिशेब

(मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



बडोद्याच्या मराठी माणसाला बँक म्हणजे काय हे सांगायला नको. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी याच शहरात बँक ऑफ बडोदा स्थापन केली. आपल्यापैकी कितीतरी घरे पुढे बँकेच्या पगारावर उभी राहिली. आज त्याच घरांतली मुले आणि काही वेळा पंधरा वर्षे नोकरी झालेले अधिकारीही कॅनडाला निघत आहेत.

मी २००४ साली अधिकारीपद सोडून टोरोंटोजवळ गेलो. पाच महिने प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळाले, "कॅनडातला अनुभव नाही." शेवटी एका बँकेत काउंटरवर रोख मोजायला उभा राहिलो. आईला फोनवर "बँकेत लागलो" एवढेच सांगितले. तिने ते सगळ्या आळीत सांगितले आणि ते ऐकून आणखी दोन घरांनी मुलांचे अर्ज भरले. खोटे मी बोललो नव्हतो, पण खरे सांगितलेही नव्हते. म्हणून आज चार हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

पहिला हिशेब अनुभवाचा. डॉक्टरला तिथे परवाना देणारे मंडळ असते. त्याची वाट कठीण असली, तरी कागदावर आखलेली असते. बँकेतल्या बहुतेक कामांना तसे मंडळ नाही, त्यामुळे तुमच्या अनुभवाची किंमत नोकरी देणाराच ठरवतो. पदवीचे मूल्यांकन स्थलांतराच्या अर्जाला लागते, पण त्या कागदावर कोणी मॅनेजरची खुर्ची देत नाही. ताळेबंद वाचणे, कर्जप्रस्ताव तपासणे, ग्राहकाशी बोलणे हे सर्व तिथेही कामाला येते. पीककर्ज आणि प्राधान्य क्षेत्राचे नियम मात्र इथेच राहतात. त्यांच्या जागी आरआरएसपी आणि टीएफएसए ही बचतखाती शिकावी लागतात. घरकर्जाचे नियमही वेगळे. उदाहरणार्थ, घराच्या किमतीच्या २० टक्क्यांहून कमी रक्कम स्वतः भरली, तर बँका त्या कर्जाचा विमा मागतात. म्युच्युअल फंड विकायला वेगळी परीक्षा आणि नोंदणी लागते. त्याचा अभ्यास घरी बसून होतो, आणि जो तो लवकर उरकतो तो काउंटरवरून लवकर हलतो.

दुसरा हिशेब व्हिसाचा. इथे आपली मुले सर्वांत जास्त फसतात. कायम वास्तव्याचा परवाना घेऊन गेलेल्याने काउंटरवर सुरुवात केली तर बिघडत नाही. पण शिकायला जाऊन पुढे वर्क परमिटवर राहिलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. कॅनडा सरकारने कामांच्या ० ते ५ अशा श्रेणी केल्या आहेत. एक्स्प्रेस एन्ट्रीतल्या कॅनडा-अनुभवाच्या वर्गात ० ते ३ श्रेणीचे कामच धरतात, आणि बँकेचा काउंटर चौथ्या श्रेणीत येतो. त्या पगारातून घरभाडे निघेल, पण या वर्गासाठी ती वर्षे मोजली जाणार नाहीत. अशा मुलाने कर्जविभाग किंवा सल्लागाराचे काम लवकर गाठले पाहिजे. दुसरे असे की नोकरीच्या पत्रामुळे एक्स्प्रेस एन्ट्रीत मिळणारे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. "पत्र आणून देतो, गुण वाढतील" म्हणून कोणी एजंट लाखो रुपये मागू लागला, तर त्याला ही तारीख विचारा. नियम सतत बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा.

तिसरा हिशेब कायद्याचा. ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला जाहिरातीत कॅनडातल्या अनुभवाची अट घालता येत नाही. ही बातमी वाचून अनेकांनी मला आनंदाने फोन केले. पण मोठ्या बँका केंद्राच्या बँक कायद्याखाली चालतात आणि त्यांचे कामगारविषयक नियमही केंद्राचे असतात. प्रांताची ही बंदी त्यांना लागू होत नाही. ती प्रांताच्या अखत्यारीतल्या क्रेडिट युनियनांना लागू होते, म्हणून नवख्याने तिथेही अर्ज टाकावा. केंद्राच्या रोजगार-समानता कायद्याखाली शंभर किंवा अधिक नोकर असलेल्या बँकांना गौरेतर कर्मचाऱ्यांचे आकडे दरवर्षी द्यावे लागतात. पण आकडे देणे वेगळे आणि अट काढणे वेगळे. प्रांताला जे जमले ते केंद्रानेही करावे, ही मागणी तिथे नागरिक झालेल्या आपल्या लोकांनी आपापल्या खासदाराकडे लावून धरली पाहिजे. मताचा अधिकार त्यांना आहे, नव्याने गेलेल्याला नाही.

चौथा हिशेब चढण्याचा. बायोडाटा दोन पानांत बसवा. त्यात फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, लग्न झाले की नाही, यातले काही नको. बिले वेळेवर भरा, कारण नोकरी देण्यापूर्वी बँक तुमचीच पत तपासते. कायम वास्तव्य मिळालेल्यांसाठी सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्था नोकरी शोधायला मोफत मदत करतात, तिथे जायला लाजू नका. वरच्या जागा आधी बँकेच्या आतच जाहीर होतात, म्हणून त्या विभागातल्या माणसाची वेळ मागून त्याचे काम समजून घ्या. मला काउंटरवरून सल्लागाराच्या टेबलापर्यंत जायला चौदा महिने लागले, आणि छोट्या उद्योगांच्या कर्जविभागात पोचायला सहा वर्षे. माझ्या पहिल्या बढतीत गुजरातीचा हात होता. ब्रॅम्प्टनच्या शाखेत आलेल्या एका दुकानदार काकांना आपली अडचण इंग्रजीत सांगता येईना, ती मी ऐकून घेतली. आपले पूर्वज गायकवाडी राज्यात आले आणि बाजारात गुजराती शिकले, ती शिदोरी तिकडेही पुरते.

आता मंडळाला दोन विनंत्या. तिकडे स्थिरावलेल्या, बँकेत काम करणाऱ्या आपल्या माणसांची यादी करा आणि निघणाऱ्या प्रत्येकाची त्यांच्यापैकी एकाशी गाठ घालून द्या. दर दोन महिन्यांनी एक संध्याकाळ ठेवा. तिथे पद, पगार आणि घरभाडे यांचे खरे आकडे सांगितले जावेत.

आणि एक विनंती घराघरांतल्या आईवडिलांना. मुलगा फोनवर "बँकेत लागलो" म्हणाला, तर "कोणत्या टेबलावर?" असे प्रेमाने विचारा. "काउंटरवर" असे उत्तर आले, तर "बरं झालं, आता पुढची परीक्षा कधी?" एवढेच म्हणा. माझ्या आईने तसे विचारले असते, तर मी तिला सगळे सांगितले असते.