फाटकाच्या बिजागरीचे कोडे



शेतीच्या जुन्या सामानात कधी कधी अशी एखादी वस्तू हाती लागते की, तिची घडण उत्तम असते, आकार स्पष्ट असतो, परंतु ती कशासाठी होती हे सहजासहजी सांगता येत नाही. विळा किंवा नांगराचा फाळ यांचे प्रयोजन पाहताक्षणीच कळते. कारण त्यांची धारच त्यांचे काम सांगत असते. इंग्लंडमधील शेतांच्या फाटकांना बसविल्या जाणाऱ्या लोखंडी सामानाची गोष्ट वेगळी आहे. फाटकापासून ते सुटे झाले की त्याचा अर्थही त्याच्यापासून सुटतो. अशीच एक वस्तू आणि तिचे प्रयोजन ओळखण्याची रीत हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

वस्तू वीतभर लांबीची आहे. मध्ये एक जाड पट्टी असून तिला बोल्ट बसविण्यासाठी भोके पाडलेली आहेत. पुढे ही पट्टी झाडाच्या दुबेळक्याप्रमाणे दोन बाजूंना फाकते आणि प्रत्येक बाहूच्या टोकाशी एक अर्धगोल खाच आहे. प्रथमदर्शनी कोणी म्हणेल की, हा घोड्याच्या साजाचा भाग असावा. दुसरा म्हणेल की, भिंतीवर फावडी टांगण्याचा हा आकडा आहे. दोन्ही तर्क आकारावरून केलेले आहेत. आणि नुसत्या आकारावर विसंबणारा तर्क बहुधा फसतो.

अशा वेळी झिजेकडे पाहावे. अवजारे टांगण्याचा आकडा वजन पेलणाऱ्या वरच्या बाजूस झिजला असता. येथे झीज आहे ती खाचांच्या आतील गोलाईवर, आणि ती आडवी आहे. म्हणजे प्रत्येक खाच एखाद्या उभ्या खुंटीभोवती फिरत होती. दोन्ही खाचा सारख्याच गुळगुळीत झाल्या आहेत. म्हणजे दोघींना सारखेच काम होते. भोके सांगतात की, ही पट्टी लाकडाला घट्ट जखडलेली होती. तेव्हा ही एक प्रकारची बिजागरी असली पाहिजे. परंतु येथेच अडचण उभी राहते. दार एका खुंटीवर फिरते. एकाच पातळीवरच्या दोन खुंट्यांत अडकलेले दार फिरणार कसे? या विसंगतीतच कोड्याचे उत्तर दडलेले आहे.

ही खालची बिजागरी होय. फाटकाची वरची बिजागरी नेहमीसारखी एकेरी असते. खांबातील एका आकड्यात फाटकाची कडी बसते. खाली मात्र खांबात शेजारी शेजारी दोन उभ्या खुंट्या असतात आणि फाटकाला जडविलेले दुबेळके त्यांवर टेकते. फाटकाच्या वजनामुळे त्याचा वरचा भाग खांबापासून दूर ओढला जातो, तर खालचा भाग खांबावर दाबला जातो. म्हणून खाचांना खुंट्या धरून ठेवण्याची गरज नसते, नुसते टेकणे पुरते. फाटक बंद असताना दोन्ही खाचा दोन्ही खुंट्यांवर असतात. ते एका बाजूस ढकलले की त्या बाजूची खाच आपल्या खुंटीभोवती फिरते आणि दुसरी खाच खुंटी सोडून बाहेर येते. विरुद्ध बाजूस ढकलले की खाचांची कामे बदलतात.

याचा परिणाम मोठा सूक्ष्म आहे. वरचा आकडा मध्यावर आणि खालची खुंटी बाजूला असल्यामुळे फाटक ज्या आसाभोवती फिरते तो आस सरळ उभा न राहता किंचित कलतो. कललेल्या आसाभोवती फिरणारे फाटक उघडताना वर चढते. दोन बिजागऱ्यांमधील अंतर १ मीटर, खालची प्रत्येक खुंटी मध्यापासून ५ सेंटिमीटर बाजूला आणि फाटकाची लांबी ३ मीटर असेल, तर काटकोनात उघडल्यावर त्याचे मोकळे टोक सुमारे १५ सेंटिमीटर उंच जाते. हात सोडताच फाटक आपल्याच वजनाने खाली येते आणि बंद होते. उघडणाऱ्याने दिलेला जोर हीच बंद करण्याची शक्ती ठरते. त्यात ना स्प्रिंग, ना साखळी. आणि फाटक दोन्ही दिशांना उघडूनही दोन्हीकडून मिटते.

आता असे समजा की, एखाद्या दुरुस्ती करणाऱ्यास दोन बाहू अनावश्यक वाटले आणि त्याने एक कापून टाकला. मग फाटक केवळ कमी चांगले चालेल असे नाही. ते उलटे वागेल. कापलेल्या बाजूस त्याला अडविणारे काही उरणार नाही, आणि ज्या वजनाने ते बंद होत असे त्याच वजनाने ते आपोआप उघडे पडेल. गुरे गव्हात शिरतील. प्रयोजन न समजता केलेली दुरुस्ती नासधुशीहून महाग पडते ती अशी.

या विषयाकडे जाणत्यांनी पूर्वीच गंभीरपणे पाहिले होते. फाटकांची रचना, टांगणी व ती बंद ठेवण्याची साधने यांवर थॉमस पार्कर यांनी लिहिलेल्या निबंधाची दुसरी आवृत्ती लंडनमध्ये १८०४ साली निघाली. काळही तसाच होता. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणाखाली आणली. सामायिक कुरणांच्या जागी खाजगी शेते आली, आणि प्रत्येक कुंपणाला फाटक लागले. ज्या युक्तीने पिकाचे रक्षण केले तिनेच गावातील गरिबाची गाय कुरणाबाहेर ठेवली, हेही विसरता कामा नये. वस्तूचे प्रयोजन विचारताना ती कोणाच्या सोयीची होती, हेही विचारावे लागते.

याच कुळातील आणखी दोन वस्तूंचा उल्लेख येथे करणे योग्य होईल. काही फाटकांचा वरचा आकडा खाली तोंड करून बसविलेला आढळतो. ही लोहाराची चूक नव्हे. दोन्ही आकडे वर तोंड करून असतील तर फाटक उचलून काढता येते. बैल मान घालून ते उचलतो आणि चोरही उचलतो. एक आकडा उलटा केला की दोघांचाही मार्ग बंद होतो. दुसरी वस्तू म्हणजे फाटकाच्या माथ्यावर उंच निघालेली लोखंडी दांडी. ती शोभेची वाटते. परंतु घोड्यावरून न उतरता स्वाराला अडसर सरकविता यावा, यासाठी ती असते.

तथापि वस्तूकडे पाहून सर्वच कळते, असे मानणेही धोक्याचे आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली रानावनांत फिरणाऱ्यांसाठी जी आचारसंहिता प्रसिद्ध झाली, तिच्यात सर्व फाटके बंद करावीत असा नियम होता. आजच्या संहितेत मात्र फाटक जसे आढळेल तसेच ठेवावे, असे सांगितले आहे. कारण शेतकऱ्याने एखादे फाटक मुद्दाम उघडे ठेवलेले असते. पलीकडच्या पाण्यापर्यंत जनावरांना जाता यावे म्हणून. सद्भावनेने ते बंद करणारा वाटसरू गुरांना तहानेने व्याकूळ करील. उघडे फाटक ही चूक की योजना, हे लोखंड सांगू शकत नाही. ते शेतकरीच सांगू शकतो.

रेडिंग विद्यापीठाने १९५१ सालीच इंग्लंडच्या ग्रामीण जीवनाचे संग्रहालय स्थापन केले. अशा संग्रहालयांचे खरे काम वस्तू जपणे एवढेच नव्हे, तर वस्तूबरोबर तिची हकीकतही जपणे हे आहे. म्हणून जुने फाटक मोडीत काढण्यापूर्वी कोणता तुकडा कोठे, किती उंचीवर आणि कोणत्या बाजूस होता, एवढे तरी टिपून ठेवावे. आणि ते फाटक वापरलेला माणूस हयात असेल, तर आधी त्याला विचारावे. लोखंड गंजत गंजतही पुष्कळ काळ टिकते. ते कसे चालत असे, हे सांगणारे माणूस तितका काळ थांबत नाही.